पॉवर्ड जोडी, स्टुडिओ मॉनिटर की पॅसिव्ह स्पीकर: कमी बजेटमध्ये काय घ्यावं?

खोक्यावर छापलेले वॅट तूर्त विसरा. आधी टेप घेऊन कानापासून स्पीकरपर्यंतचं अंतर मोजा. ते मीटरभर असेल तर निवड एक, अडीच-तीन मीटर असेल तर वेगळी. टेबलासाठी बनवलेली चार इंची जोडी हॉलमध्ये न्यायची आणि मग ‘स्पीकरमध्ये दमच नाही’ म्हणायचं, हे फार होतं.

एडिफायर आर१२८०टी ही पॉवर्ड जोडी. दोन्ही बाजूंचा ॲम्प (आवाजाचा सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर) एकाच खोक्यात, दुसरा खोका त्याला वायरने जोडलेला. चार इंची वूफर (जाड आवाजाचा कोन), १३ मिलिमीटरचा सिल्क डोम ट्वीटर (बारीक आवाजाचा), दर बाजूला २१ वॅट. आरसीएचे (टीव्ही-डीव्हीडीला असतात त्या लाल-पांढऱ्या पिनांचे) दोन इनपुट, आणि व्हॉल्यूम, बेस, ट्रेबलचे नॉब कडेला हाताशी. ब्लूटूथ आणि ऑप्टिकल हवं असेल तर आर१२८०डीबी. संगणकाजवळ गाणी आणि बोलणं ऐकायला ही जोडी छान आहे. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. ती मात्र चार इंची वूफरकडून मागू नका.

जेबीएल ३०५पी एमके २ हा स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या कामासाठी बनवलेला, ॲम्प आतच असलेला स्पीकर, आणि नुसत्या आवाजावर निवडायचं तर टेबलासाठी आमचं मत यालाच. पाच इंची वूफरला आणि ट्वीटरला वेगवेगळा ४१ वॅटचा ॲम्प आहे. कंपनीच्या आकड्यांनुसार ४९ हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत प्रतिसाद अधिक-उणे तीन डेसिबलच्या आत राहतो. हा ‘अधिक-उणे तीन’ नसेल तर फ्रिक्वेन्सीच्या आकड्याला काडीची किंमत नाही. पण घेण्याआधी चार गोष्टी बघा. किंमत बहुतेक ठिकाणी एका नगाची लिहिलेली असते. इनपुट एक्सएलआर (माइकला असतो तो तीन पिनांचा) आणि पाव इंची जॅकचे आहेत, आरसीए नाही. त्यामुळे योग्य केबल वेगळी घ्यावी लागते, आणि मागचा स्विच उणे १० वर ठेवला नाही तर घरगुती उपकरणांवर आवाज कमी वाटतो. व्हॉल्यूमचा नॉब प्रत्येक खोक्याच्या पाठीवर, म्हणून संगणकावरून किंवा छोट्या कंट्रोलरने आवाज कमी-जास्त करायचा. शिवाय शांत खोलीत हाताच्या अंतरावर बारीक ‘स्स्स’ ऐकू येतो. गाणं सुरू झालं की तो जाणवत नाही, पण रात्री शांततेत बसणाऱ्याला खुपेल.

हॉलसाठी पॅसिव्ह, म्हणजे आत ॲम्प नसलेले स्पीकर. सोनी एसएस-सीएस५ मध्ये साधारण पाच इंची वूफर, ट्वीटर आणि वर सुपर ट्वीटर. एलॅक डेब्यू २.० बी६.२ मध्ये साडेसहा इंची वूफर. दोन्हींची संवेदनशीलता ८७ डेसिबल, विद्युत रोध ६ ओहम. साडेसहा इंची कोनचं क्षेत्रफळ चार इंचीच्या अडीचपटीहून जास्त भरतं; हॉल भरायला हीच हवा ढकलायची असते. ॲम्प आणि वायरचे पैसे मात्र वेगळे, तेव्हा पॉवर्ड जोडीशी तुलना करताना एकूण बेरीज करा.

ॲम्प किती वॅटचा? ८७ डेसिबल म्हणजे २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवरचा आवाज. ६ ओहमच्या स्पीकरला तेवढ्या व्होल्टेजला सव्वा वॅटच्या आसपास लागतात. अडीच मीटरवर मोकळ्या जागेत ८ डेसिबल कमी होतात, दोन स्पीकर मिळून ३ परत येतात. म्हणजे सव्वा वॅटमध्ये ८२ डेसिबल, घरात हा बऱ्यापैकी मोठा आवाज. संगीतातले झटके त्याच्या १५ डेसिबल वर जातात. त्याला सुमारे ३२ पट, म्हणजे ४० वॅट. दर बाजूला खरे ४०-५० वॅट देणारा साधा ॲम्प पुरतो. ‘पीएमपीओ’ (जाहिरातीतला फुगवलेला क्षणिक आकडा) लिहिलेले हजारो वॅट हिशेबात धरूच नका. आणि ८१ डेसिबलचा स्पीकर घेतलात तर त्याच आवाजाला चौपट वॅट लागतील. ४ ओहमचा स्पीकर २.८३ व्होल्टला दोन वॅट खातो, म्हणून त्याचा डेसिबल आकडा थोडा फुगलेला असतो.

छोटा ॲम्प शेवटपर्यंत पिळला की सिग्नलची टोकं कापली जातात आणि आधी ट्वीटर जळतो. आवाज किरकिरा झाला की नॉब मागे घ्या.

पाच मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरे. स्वस्त वायर वरून तांब्याची, आतून ॲल्युमिनियमची असते. तीच घ्यायची तर एक माप जाड घ्या. पॉवर्ड जोडीत संगणक जोडल्यावर ‘हूंऽऽ’ आला तर तो बहुधा अर्थिंगचा फेरा असतो: लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला, तर ऑडिओ केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (हा फेरा तोडणारी छोटी डबी) टाका. अर्थची पिन कापू नका.

सीएस५ चा पोर्ट (बेससाठीचं हवेचं भोक) मागे आहे, भिंतीपासून वीतभर तरी पुढे ठेवा; कोपऱ्यात बेस फुगून बोलणं गढूळ होतं. बी६.२ चा पोर्ट पुढे असल्याने तो शेल्फवर जास्त सोसतो. ३०५पी ला मागे यासाठी स्विच आहे: दीड किंवा तीन डेसिबल बेस कमी. ट्वीटर कानाच्या उंचीला आणा. टेबलावर ठेवलात तर खाली घट्ट फोम घालून खोका मागे कलता ठेवा.

पॅसिव्ह जोडीचा बेस कुठे गेला कळत नसेल, तर स्पीकर परत करण्याआधी एका बाजूची लाल-काळी वायर तपासा. उलटी जोडली असेल तर दोन वूफर एकमेकांविरुद्ध हलतात आणि मोनोतला (दोन्ही बाजूंनी सारखाच येणारा) गायक समोर उभा राहायच्या ऐवजी खोलीभर पसरतो.