नाशिकच्या गच्चीत बियांपासून चीड: नऊ महिन्यांनंतर

ऑक्टोबरातली पेरणी, डिसेंबरची थंडी, मे महिन्याचं ऊन आणि आता पाऊस असं चक्र पार पडल्यावरचा, चीड म्हणजे तीन सुयांच्या हिमालयी पाइनची रोपं वाढवण्याचा हा अनुभव. आधीच सांगायचं तर बी उगवतं, त्यात फार काही नाही. नाशकात रोपं मरतात ती बहुतेक पाण्यामुळे.

जात कुठली, यावर निम्मं ठरतं. चीड हिमालयात साधारण ५०० मीटरपासून वर वाढतो, त्यामुळे इथली उष्णता त्याला नवीन नाही. बियाला थंडीचा उपचारही लागत नाही. कैल म्हणजे पाच सुयांचा पाइन १८०० मीटरच्या वरचा. उगवला तरी आपल्या एप्रिलमध्ये रडतो. बोन्सायवाल्यांचा जपानी ब्लॅक पाइन या दोघांच्या मधला. कैल किंवा ब्लॅक पाइनचं बी ओलसर वाळूत मिसळून झिपच्या पिशवीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दीड-दोन महिने ठेवावं लागतं. फ्रीझरमध्ये नको. सुक्यामेव्याच्या दुकानातला चिलगोजा (हेही पाइनचंच बी) पेरायचा विचार असेल तर सोडा, तो बहुधा भाजलेला असतो. आणि रोपवाटिकेत 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळतो तो अरोकेरिया, पाइन नव्हे. सुरूही पाइन नव्हे. त्याची 'सुई' ओढली की सांध्यासांध्यावर तुटते.

चिडाचं बी झाडावरून एप्रिल-मेमध्ये पडतं. म्हणून ऑक्टोबरात बी घेताना ते कुठल्या हंगामाचं आहे हे विचाराच. पंख चोळून काढा, साध्या पाण्यात २४ तास भिजवा. तळाशी बसलेलं पेरा. तरंगणारं बहुतेक पोचट असतं. बी आडवं ठेवून वर जेमतेम एक सेंटिमीटर माध्यम. ऑक्टोबरच्या उबेत दोन ते चार आठवड्यांत कोंब येतात.

द्राक्षवाल्यांकडचे प्रो-ट्रे (रोपांसाठीचे उथळ खणांचे ट्रे) सहज मिळतात, पण इथे ते कुचकामी. चिडाचं सोटमूळ आधी खाली धावतं, वरची वाढ नंतर. उथळ खणात मूळ गोल फिरतं आणि ते वळण पुढे सुटत नाही. ९ इंच उंचीची अरुंद पिशवी किंवा २५० सीसीचा रूट ट्रेनर (खोल, अरुंद कप) घ्या आणि बी थेट त्यातच पेरा. ट्रेमध्ये पेरलंच असेल तर डोक्यावरचं टरफल गळताच हलवा. ते टरफल बोटांनी ओढू नका, कोवळी पानं तुटतात. सकाळी फवारा मारला की आपोआप सुटतं. खारी आणि पाखरं नेमकं तेच टिपायला येतात, त्यामुळे पहिला महिना वर बारीक जाळी हवीच.

माध्यमात दोन भाग कोकोपीट, दोन भाग जाड वाळू, एक भाग परलाइट (हलके पांढरे खडे). नुसतं कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत चिखल असतो. विटेतलं कोकोपीट तीन पाण्यांनी धुवून घ्या, त्यात मीठ असतं. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) वापरायची तर चाळून भुकटी टाकून द्या, नाहीतर ती सिमेंटसारखी बसते. काळी माती चिमूटभरही नको. शेणखत, गांडूळखतही पहिले तीन महिने नको. त्यानेच रोपमर वाढते.

रोपमर ओळखायला सोपी: मातीलगत मान तपकिरी होते, दोऱ्यासारखी बारीक होते आणि रोप आडवं पडतं. पडलेलं वाचत नाही. थंडीत संध्याकाळी पाणी दिलं की हमखास होते, म्हणून पाणी सकाळीच, तेही वरचा अर्धा इंच सुकल्यावर. ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी मित्रबुरशी) द्यायचा तर पेरणीआधीच माध्यमात मिसळा. रोग दिसल्यावर मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब २ ग्रॅम प्रति लिटर ओता. दोन्ही एकदम मात्र नाही, बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही मारतं. एवढी साधी गोष्ट दुकानदार सांगत नाही, दोन्ही पुड्या बांधून देतो.

आता पाणी. बोअरच्या पाण्यात चुना भरपूर. पाइनला सामू (पीएच) ५.५ ते ६.५ लागतो, चुन्याने तो वर जातो. दोन-तीन महिन्यांत नवीन सुया फिकट पिवळ्या पडतात. लोक नत्र कमी म्हणून युरिया देतात, तर असते लोहाची कमतरता. साठवलेलं पावसाचं पाणी सर्वांत चांगलं. ते नसेल तर १० लिटरला २ ग्रॅम सायट्रिक ॲसिडपासून सुरुवात करून सामू ६ च्या आसपास आणा. दर वेळी पट्टीने तपासा, अंदाजाने नको. पिवळेपणा आलाच तर ईडीडीएचए स्वरूपातलं लोह अर्धा ग्रॅम प्रति लिटर मुळाशी द्या. ईडीटीएवालं चुनखडीच्या पाण्यात टिकत नाही.

सगळ्यात फुकट गेलेली खरेदी म्हणजे मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी जोडीने राहणाऱ्या उपयोगी बुरशीची पुडी. बाजारात मिळते ती 'व्हॅम', ऊस-द्राक्षाच्या मुळांत शिरणारी. पाइनला मुळांवर बाहेरून आवरण धरणारी वेगळी बुरशी लागते. वाढत्या पाइनच्या झाडाखालची मूठभर माती आणि कुजलेल्या सुया माध्यमात मिसळणं हाच उपाय. ती बुरशी नसेल तर रोप खुंटतं, सुया जांभळट होतात. स्फुरद ओतत राहिलात तर बुरशी आणखीच धरत नाही.

एप्रिल-मेमध्ये ५० टक्के हिरवी शेडनेट पुरते. काळ्या पिशव्या भिंतीला टेकवू नका, मुळं भाजतात; मातीच्या मोठ्या कुंडीत वाळूत पुरून ठेवा. बाकीचे महिने भरपूर ऊन.

नऊ महिन्यांनी रोप बोटभर ते वीतभर. सुया अजून एकेकट्या आणि निळसर, तिनाचे झुबके नंतर येतात, त्यामुळे चुकीचं बी दिलं म्हणून भांडायला जाऊ नका. पावसाळ्यात मोठ्या पिशवीत हलवताना मुळांवर पांढरी जाळी दिसली तर धुवू नका, औषधही ओतू नका. त्या बुरशीसाठीच तर पाइनखालची माती आणली होती.