अ‍ॅन्सेस्ट्रीवरील क्वेकर नोंदी : वर्धा जिल्ह्यातून एक अभिप्राय
सेवाग्राम पाहण्यासाठी आमच्या गावी मुक्कामी आलेल्या अमेरिकी पाहुण्यांचे पूर्वज पेनसिल्व्हेनियातील वसाहतकालीन क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाचे अनुयायी) असल्याने, त्यांची वंशावळ शोधण्यासाठी आम्ही अ‍ॅन्सेस्ट्री या संकेतस्थळावरील १६८१ ते १९३५ या काळातील क्वेकर सभांच्या नोंदींचा संग्रह वापरला. आपल्याकडील भाटांच्या वहीत प्रामुख्याने पुरुषांचीच नावे उतरतात. येथे मात्र विवाहपत्रावर उपस्थितांच्या सह्या घेण्याची प्रथा असल्यामुळे आत्या, मावश्या आणि शेजारीसुद्धा सापडतात. एका मासिक सभेच्या (म्हणजे क्वेकरांच्या स्थानिक मंडळाच्या) हद्दीतून दुसरीकडे जाणाऱ्या कुटुंबाला मिळणारा दाखला माग काढण्यास फारच उपयुक्त ठरतो. पंथाबाहेर विवाह केल्यामुळे सदस्यत्व गमावलेल्यांची हकिगतही सभेच्या इतिवृत्तात असते (वंशशोधकाला ही शिक्षा लाभाचीच!). तारखांबाबत मात्र सावध राहावे: क्वेकर महिन्यांना नावांऐवजी क्रमांक देत, आणि १७५२ च्या पंचांगसुधारणेपूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च होता, त्यामुळे केवळ सूचीवर न विसंबता मूळ पानाची प्रतिमा उघडून पाहावी. वर्गणी आमच्याकडच्या खिशाला जड आहे. एकाच घराण्याचे काम असल्यास ती महिन्यापुरतीच घ्यावी.