शॅमेलिऑनचं पाणी: ऑटोमॅटिक मिस्टर की सलाईनची नळी?

मार्च उजाडला की शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा पाळणारे दोन-तीन जण तरी मला विचारतात: पाण्यासाठी मिस्टर (ठरल्या वेळी आपोआप बारीक फवारा मारणारं यंत्र) घ्यावा की थेंब-थेंब पाणी सोडणारी सलाईनची नळी लावावी? माझं दोन्ही वापरून झालंय: सव्वा वर्ष मिस्टर, त्यानंतर दोन वर्षं सलाईनची नळी आणि सोबत फवारणीचा हातपंप. आमचा प्राणी व्हेल्ड जातीचा, मूळ येमेन-सौदीकडचा. डोक्यावरच्या उंच तुऱ्यामुळे आईनं त्याचं नाव ‘पंत’ ठेवलंय, पगडीच वाटते ती. पँथर जातीचा शॅमेलिऑन पाळणाऱ्यांनी पुढचं जरा सांभाळून घ्यावं, मादागास्करच्या त्या प्राण्याला ओल जास्त लागते. (आपल्याकडच्या घोयऱ्याचं, म्हणजे इथल्या रानातल्या शॅमेलिऑनचं मात्र विचारू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तो संरक्षित आहे, पाळायचा नाही. परदेशी जातींचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, तेवढी उरकून घ्या.)

मिस्टरची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. पहाटे आणि रात्री ठरल्या वेळी फवारा सुरू होतो आणि आपण समोर नसतो, हे मोठं सुख. पंप हातात घेऊन मी उभा राहिलो की पंत अंग काळपट करून फांदीच्या मागे सरकतो. पाणी पिणं दूरच. मिस्टर लागला की आधी डोळे गोल फिरवून धुवून घ्यायचा, मग तीन-चार मिनिटांनी सावकाश पानं चाटायला लागायचा. लांबून बघत बसावंसं वाटायचं.

अडलं ते नोझलपाशी. आमची सोसायटी पुण्यात, सिंहगड रोडला. गुरुवारी पाणी बंद असलं की टँकर, शुक्रवारी नळ उशिरा आणि कमी दाबानं. टँकरचं पाणी बोअरचं, जड. बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो, तोच नोझलच्या सुईएवढ्या भोकात. दर पंधरा दिवसांनी काढा, व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवा, परत बसवा. कटकटच, पण तीही मी वर्षभर केली.

मग एका मे महिन्यात चार दिवस कोल्हापूरला जाऊन आलो. घरात शिरलो तेव्हा पंप वेळेवर घुरघुरत होता, बादलीतलं पाणीही उतरलेलं. सगळं ठीक, असं म्हणून बॅगा ठेवल्या. बघतो तर एक नोझल ठार बंद आणि दुसऱ्याची धार वाकडी होऊन जाळीतून थेट चपलांच्या रॅकवर. रॅकचं प्लायवूड फुगून वर आलेलं. पंतचे डोळे खोल गेलेले, आणि विष्ठेतला जो भाग पांढरा असायला हवा तो गाजरासारखा केशरी, म्हणजे अंगातलं पाणी कमी पडलेलं. डॉक्टरांकडे नेलं, आठवड्यात सावरला. फिल्टरचं पाणी वापरलं असतं तर हे टळलं असतं, असं कोणी म्हणेल, आणि बहुधा बरोबरच म्हणेल. पण माझं मन उडालं ते उडालंच. यंत्र बिघडलं होतं आणि आवाज मात्र नीट चालल्याचा करत होतं.

सलाईनचा सेट मेडिकलमध्ये मिळतो. पिंजऱ्याच्या वर अर्ध्या लिटरची बाटली उलटी टांगायची, हवेसाठी तिच्या बुडाला भोक पाडायचं, आणि नळीचं टोक मनीप्लँटच्या सर्वांत वरच्या पानावर सोडायचं. नळीवरचं चाक फिरवून दोन सेकंदांना एक थेंब ठेवला की बाटली पाच-साडेपाच तास पुरते. पाणी उतरत जातं तसा वेग मंदावतो, मधे एकदा चाक सैल करावं लागतं. खाली टब हवाच. पण नळीच्या वरची ती पारदर्शक कुपी! थेंब पडतोय की नाही, हे दारातूनच दिसतं. आई चहाचा कप घेऊन जाता-जाता तिकडे नजर टाकते. बाबांच्या आजारपणात तिनं हे रात्र-रात्र केलंय, तिला शिकवावं लागलं नाही.

नळीनं तहान भागते, हवेत ओल येत नाही, हे मान्य. एप्रिलच्या दुपारी आमच्या हॉलमध्ये आर्द्रतेचा आकडा २० टक्क्यांच्या खाली जातो. त्यासाठी पिंजऱ्याच्या तीन बाजूंना प्लास्टिक लावलं, कुंड्या वाढवल्या, आणि सकाळ-रात्री दोन लिटरच्या हातपंपानं फवारतो. हात भरून येतो, पंत रुसतो, तरी दिवसा ४० आणि रात्री ८०च्या आसपास जमतं. याचा खरा फायदा जुलैत कळतो. बाहेरच इतकी ओल असते की मी पंपाला हातच लावत नाही. मिस्टरचा टायमर मात्र बदलायचा राहून जातो, पिंजरा दिवसभर वाळत नाही, आणि मग बुरशी, छातीचे विकार. आर्द्रतेचा मीटर डिजिटल घ्या, काट्याचा नको. तापकीर गल्लीत मिळतो.

फॉगरबद्दल, म्हणजे धुकं सोडणाऱ्या यंत्राबद्दल विचाराल तर थंड रात्रीपुरता ठीक. पिण्याला त्याचा उपयोग नाही, आणि आमच्या पाण्यानं तर पानांवर पांढरी भुकटी बसायची.

तुम्ही सकाळी आठला निघून रात्री नऊला परतत असाल आणि घरात दुसरं कोणी नसेल, तर मिस्टरच घ्या, त्याला पर्याय नाही. पाणी तेवढं फिल्टरचं घाला, आणि दर रविवारी फवारा चालू करून प्रत्येक नोझलखाली हात धरून बघा. माझा मिस्टर माळ्यावर पडलाय. कोणाला हवा असेल तर घेऊन जा, नोझल नवीन टाकावे लागतील.