गो भाषा : जावातून आलेल्या आणि सध्या नोकरी नसलेल्या माणसासाठी

जावा चांगली येत असेल, नोकरी नुकतीच गेली असेल आणि आता पुढे काय शिकायचं हा प्रश्न असेल, तर मी गो ही प्रोग्रामिंग भाषा सुचवेन. फक्त ती शिकली की लगेच इंटरव्ह्यूचे कॉल सुरू होतील, ही अपेक्षा ठेवू नका.

मी पुण्यात बँकिंगच्या प्रोजेक्टवर होते, जावा आणि स्प्रिंग बूट. क्लायंटनं काम आवरतं घेतलं आणि आमची अख्खी टीमच गेली. चाळिशी ओलांडलेली, घराचा हप्ता चालू, हातात मिळालेले पैसे मोजके. ज्याला विचारावं तो पायथन शिक म्हणायचा. पण मला दिसलेल्या पायथनच्या जाहिराती बहुतेक डेटा आणि एआयच्या होत्या, आणि तिथे भाषेच्या आधी त्या कामाचा अनुभव विचारतात. रस्ट ही भाषा मनापासून आवडली. मात्र कुठल्या व्हॅल्यूची मालकी कोणाकडे हे कंपायलरला पटवून देण्यात जो वेळ जातो, तो माझ्याकडे नव्हता. गोमध्ये माझं बॅकएंडचं काम तसंच पुढे चालतं. शिवाय डॉकर, कुबरनेटिस, टेराफॉर्म, प्रॉमिथियस ही सर्व्हरवर प्रोग्राम चालवायला आणि सांभाळायला लागणारी साधनं गोमध्येच लिहिलेली आहेत. ज्या कुबरनेटिसवर आम्ही वर्षानुवर्षं जावाचे प्रोग्राम चढवले, त्याचा कोड आता उघडून वाचता येतो, याचा मला फार आनंद आहे.

भाषा खरंच छोटी आहे. कीवर्ड २५. सुरुवात 'टूर ऑफ गो' या ऑनलाइन धड्यांपासून करा: फुकट, ब्राउझरमध्येच चालतं, काही इन्स्टॉल करायला नको. न्यूटनच्या पद्धतीनं वर्गमूळ काढायचा स्वाध्याय आणि शेवटचा वेब क्रॉलर, हे दोन्ही उत्तर न बघता सोडवा. पण फाइल उघडणं, डेटाबेसला जोडणं, टेस्ट लिहिणं त्यात नाही, आणि नोकरीत तर रोज तेच लागतं. त्यामुळे टूर संपली की लगेच खरं काहीतरी बनवायला घ्या.

मी काय बनवलं ते सांगते. सांगलीला माझ्या दिरांची औषधांची होलसेल एजन्सी आहे. कंपन्यांकडून आलेली बिलं आणि स्वतःच्या खरेदीच्या नोंदी ते एक्सेलमध्ये डोळ्यांनी ताडून बघायचे. दोन्हींच्या सीएसव्ही फाइल (एक्सेलमधून काढता येणारा साधा तक्ता) वाचून न जुळणारी बिलं वेगळी काढणारा प्रोग्राम मी लिहिला. माझा लॅपटॉप उबुंटूचा, त्यांचा पीसी विंडोजचा. बिल्डच्या कमांडच्या आधी 'जीओओएस' (कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बनवायचं ते सांगणारी सेटिंग) बरोबर विंडोज एवढं लिहिलं आणि ईएक्सई फाइल तयार. एकच फाइल, पेन ड्राइव्हवर दिली. त्यांच्याकडे ना जावा टाकावी लागली, ना व्हर्जन बघावी लागली. डबल क्लिक केलं आणि शेजारी न जुळणाऱ्या बिलांची यादी हजर. दुसऱ्याच दिवशी फोन, "वहिनी, यात क्रेडिट नोट पण धरा ना." जावात असं काम दुसऱ्याच्या मशीनवर पोचवताना किती सोपस्कार असतात, हे जावावाल्यांना सांगायला नको.

आता त्रास. ट्राय-कॅचची सवय असलेल्याला एरर हाताळणं सुरुवातीला जाच वाटतं. जवळजवळ प्रत्येक कॉलनंतर 'इफ एर्र नॉट इक्वल टू निल', म्हणजे एरर आली का ते तपासणारी ओळ लिहायची. माझ्या त्या छोट्या प्रोग्राममध्येही पानभर तेच दिसतं. पण एका कंपनीच्या फाइलमध्ये मधेच एक कॉलम जास्त आला, तेव्हा कितव्या ओळीत घोळ आहे ते एररनंच सांगितलं. प्रत्येक ठिकाणी विचार करून लिहिल्याचा तो फायदा. जेनेरिक्स (एकच कोड वेगवेगळ्या प्रकारच्या डेटासाठी वापरायची सोय) २०२२ मध्ये, गोच्या १.१८ आवृत्तीपासून आले असले तरी जावाच्या स्ट्रीमसारखी सलग साखळी इथे नाही. साधा फॉर लूपच लिहायचा. न वापरलेलं लोकल व्हेरिएबल किंवा इम्पोर्ट राहिला तर कंपाइलच होत नाही. मला ही शिस्त पटली. 'गोफमट' या कोडची मांडणी आपोआप करणाऱ्या साधनामुळे सगळ्यांचा कोड सारखाच दिसतो, टीममध्ये कंस कुठे यावरची भांडणं मिटतात. गोरुटीन (बाकीच्या कामासोबत एकाच वेळी चालणारं काम) सुरू करणं एका शब्दाचं काम आहे, म्हणूनच अशी कामं एकाच डेटावर एकमेकांच्या आड येतात का हे पकडणारा 'रेस' फ्लॅग लावून टेस्ट चालवायची सवय पहिल्यापासून लावून घ्या.

नोकरीचं बघाल तर मी पाहिलेल्या गोच्या बऱ्याच जाहिरातींत गोचाच काही वर्षांचा अनुभव मागितलेला असतो. तिथे नुसतं शिकलेलं पुरत नाही. मला बोलावलं त्यांनी जावा आणि बँकिंग बघून बोलावलं. गोचा विषय निघाला तो गिटहबवरच्या बिलांच्या प्रोग्राममुळे, आणि मग अर्धा वेळ त्यावरच बोलणं झालं. म्हणून रेझ्युमेवर जुना अनुभवच वर ठेवा, गो त्याच्या जोडीला.

यूट्यूबवरून शिकणार असाल तर व्हिडिओची तारीख बघा. प्रोजेक्ट 'गोपाथ' या ठरलेल्या फोल्डरमध्येच ठेवा असं सांगणारे व्हिडिओ मॉड्यूल्स (प्रोजेक्ट कुठेही ठेवू देणारी नवी पद्धत) येण्याच्या आधीचे आहेत, ते सोडून द्या. लूपच्या आत व्हेरिएबलची पुन्हा कॉपी करायची युक्तीही २०२४ च्या १.२२ पासून लागत नाही. नवीन प्रोजेक्ट सुरू करताना गो मॉड फाइलमध्ये (प्रोजेक्टची गो आवृत्ती जिथे लिहिलेली असते) १.२२ किंवा त्यापुढचीच आवृत्ती आहे ना, एवढं तपासा.