एमटीआर: नेट नक्की कुठे अडतंय ते दाखवणारं साधन (बरेच महिने वापरल्यानंतर)

घरून काम करणाऱ्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर एमटीआर असायलाच हवं, असं माझं आता ठाम मत झालंय. मी सांगलीत बसून रोज फ्रँकफर्टमधल्या सर्व्हरवर काम करतो. ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगितलं, की कस्टमर केअरकडून ‘राउटर बंद करून चालू करा’ यापलीकडे काही मिळत नाही. तक्रार पुढे सरकवायची तर दुखणं वाटेत कुठे आहे ते दाखवावं लागतं, आणि ते काम हे साधन चोख करतं. तेही फुकटात.

एमटीआरच्या आधीचं मूळ साधन ट्रेसराउट, व्हॅन जेकबसन यांनी १९८७ मध्ये लिहिलेलं. इंटरनेटवरच्या प्रत्येक पॅकेटवर (म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यावर) टीटीएल नावाचा एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो. शून्य झाला की पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. पॅकेटं जाळ्यात कायमची फिरत राहू नयेत म्हणून केलेली ही सोय. ट्रेसराउट मुद्दाम आधी टीटीएल १ लावून पॅकेट सोडतं, मग २, मग ३, आणि त्यामुळे वाटेतला एकेक राउटर क्रमाने आपला पत्ता सांगत जातो. इतकी साधी युक्ती, पण आजही तिला तोड नाही.

अडचण एवढीच, की ट्रेसराउट प्रत्येक टप्प्यावर तीन पॅकेटं टाकून मोकळं होतं. मध्येच येणारा आणि मध्येच जाणारा त्रास त्यात सापडत नाही. मॅट किंबल यांनी १९९७ मध्ये लिहिलेलं एमटीआर दर सेकंदाला तीच तपासणी करत राहतं आणि प्रत्येक हॉपसमोर, म्हणजे वाटेतल्या टप्प्यासमोर, किती टक्के पॅकेटं गळाली, सरासरी वेळ किती, सगळ्यात वाईट वेळ किती, हे दाखवत राहतं. लिनक्सवर ते एका कमांडमध्ये बसतं, मॅकवर होमब्रू या इन्स्टॉलरमधून येतं (चालवताना सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचा अधिकार लागतो), विंडोजवाल्यांसाठी विनएमटीआर आहे.

माझं नेट संध्याकाळी आठनंतर रडायचं. मीटिंगमध्ये आवाज तुटायचा, सकाळी मात्र सगळं सुरळीत. सकाळ-संध्याकाळ रिपोर्ट काढायला लागलो तेव्हा चित्र स्वच्छ दिसलं. पहिली ओळ माझ्याच राउटरची, १९२.१६८.१.१, दोन्ही वेळा एक मिलिसेकंद, लॉस (गळालेली पॅकेटं) शून्य. म्हणजे घरातलं वायफाय निर्दोष. दुसरी ओळ १००.६४ ने सुरू होणारी, म्हणजे नेट देणाऱ्या कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेल्या पत्त्यांचं जाळं (सीजीनॅट), तिथेही सगळं ठीक. तिसऱ्या ओळीवर सकाळी दहा मिलिसेकंद आणि रात्री नव्वद, शिवाय दहा टक्क्यांच्या आसपास लॉस. तो लॉस तिथून थेट शेवटच्या ओळीपर्यंत तसाच उतरत गेलेला. शहरातून मुंबईकडे जाणारी कंपनीची लाइन रात्री भरून जात होती, याला आणखी पुरावा काय हवा? दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून मेल केला, तेव्हा कुठे तक्रार नेटवर्कच्या माणसापर्यंत पोहोचली. पुढे त्यांनी लाइनची क्षमता वाढवली आणि रात्रीचा आकडा खाली आला.

‘तसाच उतरत गेलेला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मधल्याच एखाद्या ओळीवर साठ टक्के लॉस दिसतो आणि पुढच्या सगळ्या ओळी शून्य असतात, तेव्हा काहीही बिघडलेलं नसतं. तो राउटर आपलं पॅकेट पुढे व्यवस्थित नेतो, फक्त स्वतः उत्तर द्यायला त्याच्याकडे सवड नसते. अशा उत्तरांवर मुद्दाम मर्यादा घातलेली असते. नुसते प्रश्नचिन्ह दिसले तरी तेच. आधी शेवटची ओळ बघायची. ती स्वच्छ असेल तर मधल्या लाल आकड्यांवरून कुणाशी भांडू नये.

मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवलं ते अंतराच्या हिशोबाने. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन दर १०० किलोमीटरला एक मिलिसेकंद, त्याहून कमी होणं शक्यच नाही. पत्त्यावरून ठिकाण सांगणारी एखादी साईट म्हणते की हा राउटर अमेरिकेत आहे आणि एमटीआर दाखवतं बारा मिलिसेकंद, तर ती साईट चूक. राउटरच्या नावात बहुतेकदा विमानतळाचा कोड असतो: मुंबईला बीओएम, सिंगापूरला एसआयएन, मार्सेलला एमआरएस. एकदा पुण्यातल्या डेटा सेंटरमधली साईट उघडायला फार वेळ लागत होता. रिपोर्टमध्ये बीओएमनंतर एसआयएन आणि पुन्हा बीओएम! सांगलीहून पुण्याला जायला डेटा समुद्र ओलांडून सिंगापूरला जाऊन आला होता. दोन भारतीय कंपन्या इथे एकमेकींशी जोडलेल्या नसल्या आणि दोघींची जोडणी सिंगापुरात असली, की असं होतं. देशातला डेटा देशातच राहावा म्हणून २००३ मध्ये निक्सी हे इंटरनेट एक्स्चेंज (नेट कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडण्याची जागा) उभं राहिलं, आज मुंबईत इतरही एक्स्चेंज आहेत, तरी हा वळसा अजून दिसतो याचं मला खरंच वाईट वाटतं. वाट अंतरावर नाही, करारांवर ठरते.

सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ लाल समुद्रातल्या केबल तुटल्या, एसईए-एमई-डब्ल्यूई ४ आणि आयएमईडब्ल्यूई. त्या आठवड्यात माझं काम कासवाच्या गतीने चाललं. एरवी मुंबई, मार्सेल, फ्रँकफर्ट अशी दीडशे मिलिसेकंदांच्या आतली वाट. तेव्हा मुंबईनंतर सिंगापूर, मग लॉस एंजेलिस, मग अटलांटिक ओलांडून जर्मनी, आणि आकडा साडेतीनशेच्या वर. बातमीत वाचलेली केबल आणि आपल्या टर्मिनलवरचा आकडा यांचा संबंध इतका थेट दिसला, की मी ऑफिसातल्या सगळ्यांना तो रिपोर्ट पाठवला. निदान त्या आठवड्यात कुणी आपापल्या केबलवाल्याला बोल लावला नाही.

उणिवा आहेतच. मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यात एमपीएलएस या पॅकेटं पुढे नेण्याच्या पद्धतीमुळे मधले टप्पे लपून राहतात. काही सर्व्हर आयसीएमपी, म्हणजे एमटीआर एरवी वापरतं त्या प्रकारची तपासणीची पॅकेटं अडवतात; तिथे टीसीपीचा (साध्या वेबसाईटच्या वाहतुकीसारख्या पॅकेटांचा) पर्याय लावून पोर्ट ४४३ द्यावा, बहुतेक वेळा शेवटपर्यंत पोहोचतं. विनएमटीआरमध्ये ही सोय नाही, त्यामुळे विंडोजवर हात बांधल्यासारखे वाटतात. नवीन माणसाला रिपोर्ट कसा वाचायचा हे साधन स्वतः काहीच शिकवत नाही, आणि हा मला सर्वांत मोठा दोष वाटतो.

शिवाय दिसते ती फक्त जाण्याची वाट. उत्तर परत येताना भलत्याच रस्त्याने येऊ शकतं, आणि वेळ मोजला जातो तो दोन्हींचा मिळून. म्हणून फ्रँकफर्टच्या सहकाऱ्याला त्याच वेळी तिकडून माझ्या पत्त्याकडे एमटीआर चालवायला सांगतो. सीजीनॅटमुळे ते कंपनीच्या दारापर्यंतच येतं, पण परतीचा वळसा तेवढ्यातही कळतो. दोन्ही बाजूंचे रिपोर्ट, शंभर-शंभर पॅकेटांचे, वेळ लिहून, एकाच मेलमध्ये जोडून तक्रार पाठवा.