नवे म्हणून घेतलेले चार टायर

आमची डिझायर २०१२ सालची. आबांनी घेतलेली, त्यांच्यामागे मी चालवतो. २०२३ च्या एप्रिलात मेकॅनिकने सांगितलं की टायरची नक्षी शिल्लक असली तरी बाजूला भेगा पडल्यात, भर उन्हाळ्यात यांच्यावर लांब जाऊ नका. सल्ला रास्त होता. फसलो पुढे, टायर घेताना.

अमळनेरात त्याच मापाचा, म्हणजे १६५/८० आर १४ चा टायर ४८०० ला सांगितला. जळगावच्या हायवेवरच्या एका दुकानात तोच ३४०० ला. चारामागे ५६०० रुपये वाचत होते. दुकानदार गोड बोलायचा. "भाऊ, तुम्ही आत पंख्याखाली बसा, चहा घ्या, तोवर गाडी तयार." मी बसलो. अर्ध्या तासात गाडी बाहेर आली तेव्हा टायर काळेभोर चमकत होते. जुने चारही त्याने ठेवून घेतले, त्यांच्या बदल्यातच भाव ३४०० लावला म्हणाला. पैसे फोनवरून दिले, तेही दुकानाच्या नव्हे, कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. बिल म्हणून कार्डाच्या पाठीवर "४ टायर" एवढंच. अलाइनमेंटचा कागद मागितला तर "मशीनचा प्रिंटर बंद आहे."

मे महिन्यात भुसावळला लग्न होतं. दुपारी परतताना गाडीत आम्ही चौघं, मागे उजवीकडे आई. पाळधी ओलांडली आणि मागून थडथड सुरू झाली. रस्ता खराब असेल असं वाटून मी दोन-तीन किलोमीटर तसाच गेलो. मग फाडकन आवाज झाला, गाडी उजवीकडे ओढली गेली. समोरून ट्रक येत होता. ब्रेकवर पाय न देता स्टिअरिंग घट्ट धरलं, गाडी हळूहळू कडेला लागली. टायरचा वरचा पट्टा सालासारखा सोलून निघाला होता आणि त्याने मडगार्डचं आतलं प्लास्टिक फाडलं होतं. आईचे हात बराच वेळ थरथरत होते.

स्टेपनी लावून पाळधीला मागे आलो. पंक्चरवाल्या काकांनी फाटका टायर उलटा केला, खाचेत बोट घातलं आणि म्हणाले, "भाऊ, हाई टायर नवं नही शे." मलाही बोट फिरवायला लावलं. खऱ्या टायरच्या मुख्य खाचांमध्ये ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटर उंचीचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. इथे ते उंचवटेच नव्हते. झिजून गुळगुळीत गोटा झालेल्या टायरवर तापलेल्या ब्लेडने नव्या खाचा कापल्या होत्या आणि त्या इतक्या खोल, की तळाशी दोरे दिसत होते. ट्रकच्या काही टायरना अशा खाचा कापण्यासाठी जादा रबर ठेवलेलं असतं. कारच्या टायरना ते नसतं.

उरलेले तीनही काकांनी खोलले. आणखी एक तसाच कापलेला. दोन न वापरलेले, पण त्यातल्या एकावर आतल्या बाजूला ३२१४ हा आकडा, म्हणजे २०१४ चा बत्तिसावा आठवडा. पावणेनऊ वर्षं पडून कडक झालेलं रबर, वरून पॉलिश. दुसऱ्यावर आकड्याची जागा ग्राइंडरने घासलेली. हा चार आकडी शिक्का बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला पूर्ण असतो आणि दुकानदाराने ती बाजू मुद्दाम आत बसवली होती. मी पंख्याखाली बसलो नसतो तर बसवण्याआधी दिसला असता.

दुकानात गेलो तर "हे आमचे टायरच नाहीत" म्हणाला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनी पहिल्यांदा बिल मागितलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, पण माझ्याकडे दाखवायला काय होतं? एक कार्ड.

म्हणून हात जोडून सांगतो, टायर रिमवर चढण्याआधी स्वतः हातात घ्या, आकडा वाचा, आयएसआयची खूण बघा, फोटो काढा. पक्क्या बिलावर कंपनी, माप आणि चारही टायरचे नंबर लिहून घ्या. आणि जुने टायर देताना त्यांच्या बाजूला सुरी मारा. माझे जुने चार दुकानदाराने का ठेवून घेतले ते मला आता कळतंय, ते कुणाच्या गाडीला लागले असतील या विचाराने झोप उडते.

आता गाडीला पक्क्या बिलाचे टायर आहेत. हवा सकाळी टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरतो. फाटका टायर भंगारात दिला नाही, घराच्या ओट्यावर ठेवलाय. गल्लीतलं कुणी टायर घ्यायला निघालं की आई त्याला आधी ओट्यावर बोलावते आणि त्या खाचेतून बोट फिरवायला लावते.