पौलाच्या पत्रांचा रविवारचा वर्ग, जालना : जमलं तर नक्की जा

जालन्यात रविवारची उपासना झाल्यावर दुपारी बायबलच्या नव्या करारातल्या प्रेषित पौलाच्या पत्रांचा अभ्यासवर्ग चालतो, त्याची एक बॅच आत्ताच संपली, बरेच जण विचारायलेत कसा आहे म्हणून लिहायलोय. हे प्रवचन नाही हे आधीच सांगतो. सुरुवातीला प्रार्थना होते आणि मग शिकवणारे सर हातात झेरॉक्स देऊन सरळ कामाला लावतात. पौल ज्यांना फक्त पाठ केलेल्या वचनांपुरता माहीत आहे त्यांना सुरुवात जड जाईल पण टिकून राहा, लई कामाचं आहे.

पहिलंच काम काय दिलं तर प्रेषितांची कृत्ये (येशूच्या शिष्यांनी पुढे काय केलं ते सांगणारं नव्या करारातलं पुस्तक) आणि पौलाचं गलतीकरांस पत्र शेजारी शेजारी ठेवून वाचायचं. पौल स्वतः लिहितो की ख्रिस्ताचं दर्शन झाल्यावर मी लगेच यरुशलेमला गेलो नाही, अरबस्तानात गेलो, परत दिमिष्कात आलो आणि तीन वर्षांनी केफाला, म्हणजे पेत्राला, भेटून पंधरा दिवस राहिलो. कृत्यांमध्ये अरबस्तानाचं नावच नाही! आजचे अभ्यासक म्हणूनच आधी पत्रं धरतात, कारण ती त्याची स्वतःची, आणि कृत्ये नंतर कोणीतरी लिहिलेली म्हणून दुसऱ्या नंबरला. पण कृत्ये टाकूनही देत नाहीत, कारण त्यात गल्लियो या सुभेदारासमोर पौलाला करिंथात उभं केल्याचं आहे आणि त्याच गल्लियोचं नाव ग्रीसमधल्या डेल्फीच्या शिलालेखात सापडलंय, त्यावरून तो इ.स. ५१-५२ च्या सुमारास तिथे होता हे कळतं. पौलाच्या आयुष्याच्या बाकीच्या तारखा या एका खुंटीवरून मागे-पुढे मोजतात, हे सरांनी फळ्यावर इतकं छान काढून दाखवलं की शेजारची दहावीची मुलगी पण समजून सांगू लागली.

खरी गरमागरमी झाली लेखकाच्या विषयावर. पौलाच्या नावावर १३ पत्रं आहेत, त्यातली ७ बद्दल कोणाचा वाद नाही : रोमकरांस, करिंथकरांस दोन, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं आणि फिलेमोन. बाकीच्यांवर मतभेद आहेत, तीमथ्य आणि तीताच्या पत्रांवर तर जास्तच, कारण शब्द वेगळे, मंडळीची (म्हणजे चर्चची) व्यवस्था वेगळी. एक आजोबा उठून म्हणाले, मग आम्ही आजवर खोटं वाचलं का? सरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि नामदेवांचं उदाहरण दिलं, की गाथेत "नामा म्हणे" म्हणून जे अभंग आहेत त्यात नंतरच्या विष्णुदास नाम्याचेही मिसळलेत, अभ्यासक ते वेगळे काढतात, म्हणून वारकरी गाथा खाली ठेवतो का? कोणी लिहिलं हा एक प्रश्न आणि मंडळीने ते शास्त्र म्हणून का जपलं हा दुसरा. आजोबांना पटलं का माहीत नाही पण ते पुढच्या रविवारी आले, आणि पहिल्या ओळीत बसले.

माझ्यासाठी मात्र सगळी फी एकाच सत्रात वसूल झाली, ते म्हणजे गलती अध्याय २. आपण लहानपणापासून ऐकलं की यहुदी लोक कर्मांनी तारण कमवायला बघायचे आणि पौलाने विश्वास शिकवला. स्टेंडाल नावाच्या स्वीडिश अभ्यासकाने १९६३ मध्येच लिहिलं की पापाच्या ओझ्याने तळमळणारं मन हे सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक लूथरचं आहे, पौल तर फिलिप्पैकरांना सांगतो की नियमशास्त्राप्रमाणे मी निर्दोष होतो. मग १९७७ ला सँडर्स यांनी यहुद्यांचंच जुनं साहित्य, मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुंडाळ्यांसकट, वाचून दाखवलं की ते लोकही देवाची निवड ही कृपाच मानायचे, नियम पाळणं हे त्या नात्यात राहण्यासाठी. आणि डन यांनी १९८२ च्या व्याख्यानात म्हटलं की पौलाचा विरोध सुंता, खाण्याचे नियम, शब्बाथ यांनी जी आपला-परका अशी भिंत उभी राहते तिला आहे. आता हे डोक्यात ठेवून अंत्युखियाचा प्रसंग वाचा, केफा परराष्ट्रीयांबरोबर (म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर) जेवत होता, येशूचा भाऊ याकोब याच्याकडची माणसं आली तसा ताटावरून मागे सरला आणि पौल त्याला सगळ्यांसमोर बोलला. पंगतीत कोण कोणाशेजारी बसतं यावरून मराठवाड्यात काय काय झालंय हे आपल्याला कोणी सांगायला नको, नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली त्या मातीतले आपण. विश्वासाने नीतिमान ठरणं हे वाक्य जेवणाच्या भांडणातून आलंय हे कळल्यावर मला ते दुप्पट मोठं वाटायला लागलं. हे मत सगळ्यांना मान्य नाही हेही सरांनी सांगितलं, काही अभ्यासक म्हणतात पौल शेवटपर्यंत पक्का यहुदीच होता आणि त्याचं म्हणणं फक्त परराष्ट्रीयांसाठी होतं, मला स्वतःला हे अजून पचलेलं नाही पण ऐकायला मिळालं हे चांगलंच.

आता कमी काय ते. बायकांचा विषय शेवटच्या अर्ध्या तासात उरकला आणि हे मला अजिबात आवडलं नाही. रोमकरांस पत्र बहुतेक फीबीनेच पोचवलं, प्रिस्का आहे, युनिया आहे, या सगळ्यांची नावं पौलाने त्याच पत्रात घेतलीत, आणि मंडळीत स्त्रियांनी गप्प बसावं ही करिंथकरांस पहिल्या पत्रातली जी दोन वचनं आपल्याकडे सारखी तोंडावर मारतात ती काही जुन्या हस्तलिखितांत अध्यायाच्या शेवटी सापडतात, त्यामुळे ती मागाहून घुसली असं बरेच अभ्यासक म्हणतात. वर्गात अर्ध्याच्या वर बाया-मुली होत्या, यावर पूर्ण एक रविवार पाहिजे म्हणजे पाहिजेच. दुसरं, झेरॉक्स निम्मे इंग्रजीत, ते मराठीत करून द्या, खेड्यावरून येणाऱ्यांना घरी जाऊन वाचता येत नाही. हॉलचा पंखाही आवाज करतो, मागे बसलं की निम्मं ऐकू येत नाही.

फी परवडणारी आहे, विद्यार्थ्यांना निम्मी, चहा मिळतो. अंबड-परतूरकडून येणाऱ्यांनी सरांना आधी सांगून ठेवा, शेवटच्या बससाठी लवकर सोडतात. स्वतःचं बायबल आणि पेन्सिल आणा, आणि गलतीकरांस पत्र घरून एका बैठकीत पूर्ण वाचून या, सहाच अध्याय आहेत.